तळचं दाखवा

साळवेबाईंनी भर गावासमोर माझा अपमान केला, त्याला आता पाच वर्षं होतील. मी तो विसरलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं त्यांच्याबद्दल मी चार चांगले शब्द लिहिले तर आमचं मिटलं असं वाचणाऱ्यानं समजू नये.

काष्टीहून आमच्या गावाकडं वळलं की फाट्यावर उजव्या हाताला माझं भुसार दुकान लागतं. मागं शेंगा फोडायचं यंत्र आणि त्यामागं गोदाम. यातलं काहीही मला आयतं मिळालेलं नाही. माझे वडील दुसऱ्यांची पोती पाठीवरून वाहायचे आणि तरुणपणी मीही वाहिली. मग रिकामी बारदानं घेऊन विकली, मग उधारीवर शेंगा, मग यंत्र. सौद्यात मला हरवणारा माणूस मला तरी भेटला नव्हता. राग नाकावर असतो, हे खरं. पण माझ्याबद्दल एवढं पुरे.

बाई आमच्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. माहेर कोपरगावकडचं, नवरा साखर कारखान्यावर हंगामी कामगार होता, तो लवकर गेला. एका मुलीला वाढवत त्यांनी गावची पोरं सांभाळली. बुटका बांधा, आवाज खालच्या पट्टीतला, चाल भरभर. खांद्याला काळी रेक्झिनची पिशवी. तिच्यात दंडाचा घेर मोजायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी, वही, पेन्सिल आणि नखं कापायचं यंत्र. हातात बाराही महिने छत्री. ती उघडलेली मी फारशी पाहिली नाही. ती कुत्र्यांसाठी होती आणि पोत्यांसाठी. दुकानात आल्या की छत्रीचं टोक पोत्याच्या खालच्या कोपऱ्याला लावायच्या आणि म्हणायच्या, "तळचं दाखवा."

हे वाक्य त्या सगळीकडं वापरत. भाजीवालीच्या पाटीपाशी तेच, दूधवाल्याच्या किटलीपाशी तेच. एखादी आई म्हणाली की पोरगं आमचं पोटभर जेवतं, तर बाई सरळ चुलीपाशी जाऊन पातेल्याचं झाकण काढत आणि तळाला काय उरलंय ते बघत. घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं आणि त्याच्या वाट्याला काय येतं, हे त्यांना पातेल्याच्या तळावरून कळायचं. एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. वह्या बघून खूश झाले, निघाले. बाईंनी त्यांना थांबवलं, डाळीचा डबा उलटा केला आणि वरून आलेल्या डाळीच्या तळाला झालेले किडे त्यांना दाखवले. साहेबांना ते लिहून घ्यावं लागलं. मदतनीस जनाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, अहो, आपलीच तक्रार कुणी आपण करतं का. बाई म्हणाल्या, डाळीची केली, आपली न्हाई.

बाकीच्या गिऱ्हाइकांचं आणि माझं भांडण भावावरून होतं. बाईंशी ते कधीच झालं नाही, आणि घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही, त्याच्याशी काय बोलावं कळत नाही. भाव ऐकून त्या नुसती मान हलवत. मग पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ वर काढत आणि ओट्यावर पसरत. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलेलं होतं. गावातल्या सगळ्या पोरांची नखं कापणाऱ्या बाईचं स्वतःचं एक नख एवढं लांब का, हे मला आधी कळेना. त्या नखानं त्या दाणा उभा चिरत, दोन पाकळ्या वेगळ्या करत आणि मधल्या पोकळीत बघत. वरून टपोरा गुलाबी दिसणारा दाणा कधीकधी आतून काळसर निघतो, हिरवट भुकटी धरलेली असते. हे मलाही ठाऊक होतं. फरक एवढाच की मी माल विकत घेताना आत बघायचो, आणि त्या खायला घालताना.

आता माझ्या नातीकडं येतो. थोरल्या मुलाची मुलगी, ईश्वरी. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. वरचं खायला लागली आणि जिथल्या तिथं थांबली. दोन वर्षांची होत आली तेव्हा शेजारची चार महिन्यांनी लहान पोर तिच्याहून बोटभर उंच दिसायला लागली. केस भुरकट, हातपाय काड्या, सारखी किरकिर, आणि महिन्यातून एकदा तरी जुलाब नाहीतर ताप. मी म्हणायचो, आमच्या घरातली सगळी काटकच असतात. तोंडानं म्हणायचो. दुपारी ती दुकानात माझ्या मांडीवर झोपायची तेव्हा तिचं वजन मांडीला लागायचं नाही, हे मला कळत होतं. पोत्याचं वजन हातानं उचलून सांगणारा माणूस मी. मला कसं कळणार नाही.

ज्या घरातून गाड्या भरून दाणे बाहेर जातात, त्या घरातलं पोर अंगणवाडीच्या कमी वजनाच्या यादीत, ही गोष्ट माझ्या बायकोला, मंदाला, फार लागली. एका महिन्याच्या वजनाला ईश्वरी एकदम दोनशे ग्रॅमनं वाढली. घरात आनंदीआनंद. दुपारी साळवेबाई दुकानात आल्या, पिशवीतून दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन काढलं आणि माझ्या ओट्यावर ठेवलं.

"झबल्याच्या खिशात निघालं," त्या म्हणाल्या. "दुकानात लागंल तुमाला."

एवढंच बोलून गेल्या. मी मंदावर खूप ओरडलो. खरं सांगायचं तर तिनं असं केलं म्हणून नाही, सापडलं म्हणून. बाईंनी ही गोष्ट गावात कुणालाही सांगितली नाही. वहीत मात्र खरं वजन लिहिलं, साडेआठ किलो.

त्याच वर्षी वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. त्यांच्या नावानं काहीतरी द्यावं असं मनात होतं. अंगणवाडीत पोरांना दाण्याचे लाडू करून घालायचे म्हणून एक अख्खं पोतं द्यायचं ठरवलं. झेंडावंदनाचा दिवस धरला. शाळेच्या पटांगणात सगळं गाव असतं, अंगणवाडी त्याच आवारात. पोत्याला झेंडूचा हार घातला, हातगाडीवरून आणलं. सरपंचांनी दोन शब्द बोलून दाखवले. टाळ्या झाल्या. आणि साळवेबाई पुढं आल्या, छत्रीचं टोक पोत्याच्या कोपऱ्याला लावलं आणि म्हणाल्या, "तळचं दाखवा, शेठ."

दान दिलेल्या पोत्याचा तळ बघायला मागणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. तरी हसलो. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, मूठ काढली, पाच-सहा दाणे चिरले.

"हे पोरांना चालनार न्हाई. परत न्या."

इथं मला आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. शेंगा फोडून झाल्या की दाणे चाळतात. टपोरे चाळणीवर राहतात, ते पुण्याला जातात. मधले दुकानात विकतात. चाळणीखाली पडतात ते फुटके, सुरकुतलेले, डाग पडलेले. ते घरी ठेवतात. माझ्या ओळखीच्या सगळ्या दाणेवाल्यांच्या घरी हीच रीत. चांगलं विकायचं, उरलेलं आपण खायचं. माझी आई तशीच वागली, मंदाही तशीच, आणि मी याच गोष्टीचा अभिमान बाळगत मोठा झालो. घरातल्या कुणी चांगल्या पोत्याला हात लावला नाही म्हणून तर दुकान उभं राहिलं. त्या वर्षी वळवाच्या पावसात शेंगा भिजल्या होत्या, नीट वाळायच्या आत पोत्यांत भरल्या होत्या. चाळणीखालचा माल जरा जास्तच निघाला होता. तोच मी पोत्यात भरला होता. यात मला फसवणूक वाटत नव्हती. आम्ही जे खात होतो तेच देत होतो.

मागं कोणीतरी हसलं. ते हसणं मला अजून ऐकू येतं. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो ते शाळेच्या भिंतीपलीकडं रस्त्यावर ऐकू गेलं म्हणतात.

"हाच माल माझ्या घरात खात्यात! माझी नात रोज ह्याचाच लाडू खाती. आमच्या पोरीला चालतंय ते तुमच्या पोरांना चालत न्हाई व्हय?"

बाई पोत्याचं तोंड बांधत होत्या. त्यांचे हात थांबले. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलतील, मी तयार होतो. त्यांनी एकदम हळू विचारलं, "रोज?"

"रोज."

"कवापासनं?"

"दात आल्यापासनं."

त्यांनी सुतळीची गाठ मारली. पोतं हारासकट त्याच हातगाडीवरून परत आलं. माझ्या वडिलांच्या नावाचं पोतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात. मी दुकानात निघालो होतो, तिथंच बसलो. सुरुवातीच्या काळात गावातली काही घरं पोरांना अंगणवाडीत पाठवायची, पण साळवेबाईंच्या हातचं खाऊ नका म्हणून बजावायची. आमचं घर त्यातलंच. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण तळचं दाखवायचं म्हटल्यावर हेही दाखवलं पाहिजे. त्या दिवशी बाई पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात आल्या. कुणाला विचारलं नाही. खाली बसल्या आणि सुनेला, प्रियांकाला म्हणाल्या, हिला दिवसभरात काय काय देतीस ते एकेक सांग.

प्रियांकानं सांगितलं. सकाळी दाणे-गूळ वाटून, दुपारी भाजीत कूट, संध्याकाळी लाडू. पोर बारीक म्हणून दाणे जास्त. पोर आणखी बारीक झाली म्हणून आणखी जास्त. दाण्यात ताकद असते, हे तिला आम्हीच सांगितलेलं.

बाईंनी कुटाचा डबा मागितला, दाण्यांचा डबा मागितला, दोन्ही वर्तमानपत्रावर उलटे केले. दाण्यांच्या तळाला हिरवट भुकटी होती, जाळी धरलेली. चार दाणे चिरून त्यांनी प्रियांकाच्या तळहातावर ठेवले आणि तिला खिडकीपाशी उजेडात बघायला लावलं. प्रियांका बघत राहिली. मग तिनं मुठीतले दाणे माझ्यापुढं धरले आणि म्हणाली, "मामा, हे मी तिला भरवत होते."

माझी सून माझ्यापुढं कधी मान वर करून बोललेली नाही. त्या दिवशीही आवाज चढला नव्हता.

बाईंनी सांगितलं ते असं: ही बुरशी दाण्यात विष सोडते. ते भाजून जात नाही, शिजवून जात नाही, गुळानं फक्त कडूपणा झाकला जातो. मोठ्या माणसाच्या लिव्हरलाही ते वाईट, आणि लहान पोर वाढायच्या वयात असतं, तेव्हा त्याची वाढ त्यानं खुंटू शकते.

"एकट्या ह्यानंच झालं असं मी म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखवू. पोटात जंत असतील, आनी काय असंल. पन हे आजपासनं बंद."

मंदा म्हणाली, आम्ही जन्मभर हेच खाल्लं, आम्हाला काय झालं?

"तुमाला काय झालं ते तुमालाबी म्हाईत न्हाई, मलाबी न्हाई," बाई म्हणाल्या. "हिला काय व्हतंय ते म्होरं दिसतंय."

मग मी सौद्याला बसलो. दुसरं मला येत नाही. म्हटलं, भाजून देतो. नको. कडू लागतील तेवढे काढून टाकतो. कडू न लागणाऱ्यातही असतं. धुऊन, कडक उन्हात वाळवून? नको. आठवड्यातून एकदा? नको. प्रत्येक वेळी मी एक पायरी खाली येत होतो आणि त्या होत्या तिथंच बसलेल्या. असा माणूस समोर असला की सौदा होत नाही, मग माणूस चिडतो. मी चिडलो. म्हटलं, ठीक आहे, बंद. सहा महिने. सहा महिन्यांत पोर वाढली नाही तर गावासमोर माझं पोतं परत घ्यायचं आणि माझी माफी मागायची.

"मागते," त्या म्हणाल्या. "आनी वाढली तर?"

"सांगाल ते."

"अंगनवाडीचे दाने तुमी स्वतः येऊन निवडायचे. सतरंजीवर बसून. मानूस धाडायचा न्हाई. रोज."

मी म्हटलं, रोज जमणार नाही, महिन्यातून एकदा. बरीच ओढाताण करून शेवटी दर सोमवारवर आणलं. पहिल्यांदाच त्यांना मी खाली ओढलं होतं, त्यामुळं जरा बरं वाटलं. पुढं वर्षभरानं जनाबाईनं सांगितलं की अंगणवाडीत दाणे येतात तेच आठवड्यातून एकदा, सोमवारी. रोज निवडायला तिथं काही नव्हतंच.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं, जंताचं औषध दिलं. म्हणाले, एका कारणावर बोट ठेवता येणार नाही, पण बाई सांगतात ते बरोबर आहे, असले दाणे कुणीच खाऊ नयेत. बाईंनी प्रियांकाला दिवसाचं वेळापत्रक बांधून दिलं. पोट लहान म्हणून पाच वेळा थोडं थोडं. अंडं रोज. दाणे द्यायचे तर चाळणीवरचे, तेही एकेक चिरून बघितलेले. पुण्याला जाणाऱ्या पोत्यात घरच्यासाठी हात घालताना मंदा आधी माझ्याकडं बघायची. मी तोंड फिरवायचो.

पहिल्या महिन्याला वजन हललं नाही. दुसऱ्या महिन्याला शंभर ग्रॅम. बाई काट्यावरचा आकडा लिहायच्या, माझ्याकडं बघायच्या नाहीत. सौद्याच्या हिशेबानं मी जिंकत होतो. पण वजनाच्या आदल्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक काहीतरी विचारायचं आणि मी भलतंच सांगायचो. केलेला सौदा माझ्या अंगावर यावा असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती. कारण सौदा मीच ठरवलेला.

तिसऱ्या महिन्यात जुलाब झाले नाहीत. चौथ्या महिन्यात ईश्वरीनं दुकानात येऊन माझ्या ताटलीतली भाकरी ओढली आणि अख्खी चतकोर खाल्ली. मी कुणाला बोललो नाही. दृष्ट लागते म्हणून नाही, मंदा उगाच रडत बसली असती म्हणून.

पाचव्या महिन्याच्या वजनाला मी स्वतः गेलो. आयांची रांग होती. ईश्वरीचा नंबर आला तसा मी पुढं झालो आणि सगळ्यांच्या देखत तिच्या झबल्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. बायकांना काही कळेना. बाईंना कळलं. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पोर काट्यावर उभी राहिली. साडेनऊच्या पुढं. बाईंनी काटा रिकामा करून पुन्हा तपासला, पुन्हा पोरीला उभं केलं. तेच. मग भिंतीला टेकवून उंची मोजली. मागच्या खुणेच्या वर नवी खूण पडली, मधे पेन्सिल आडवी बसेल एवढं अंतर. वजन येतं आणि जातं, त्या म्हणाल्या, उंची वाढली की समजायचं पोर सुटलं.

मी बाहेर आलो आणि शाळेच्या पायरीवर बसलो. पाठीवरचं पोतं उतरवल्यावर पहिली दोन-चार पावलं माणूस अधांतरी चालल्यासारखा चालतो, ते ज्यांनी पोती वाहिली त्यांनाच कळेल. तसं झालं होतं. आतून बाईंचा आवाज आला, "शेठ, सोमवारी."

आणि मी सोमवारी गेलो. बोललेला सौदा मी मोडत नाही. सतरंजीवर मांडी घालून, पुढं सूप घेऊन, तीस पोरांच्या गोंगाटात दाणे निवडत बसलो. रस्त्यानं जाणारे मुद्दाम थांबून बघायचे. बाई माझ्या निवडलेल्या ढिगातून पुन्हा एक मूठ घ्यायच्या आणि चिरून बघायच्या. सुरुवातीला त्यातून दोन-तीन तरी बाद निघत. शेंगदाण्याच्या धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसाला बाईंनी सुपापुढं पुन्हा पहिलीत बसवलं, असं जनाबाई सगळीकडं सांगत फिरली.

चाळणीखालचा माल घरात यायचा बंद झाला, तो मग मी म्हशींच्या पेंडीत घालायला काढला. बाईंना कसं कळलं कोण जाणे. दुकानात येऊन म्हणाल्या, त्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध पोरंच पितात. मी म्हटलं, म्हणजे माझ्या मालाला आता वाटच ठेवायची नाही का? "खड्डा हाय की," त्या म्हणाल्या. मी भांडलो, आणि गोदामामागं खड्डा घेतला. पोती आता जमिनीवर ठेवत नाही, फळ्यांवर ठेवतो. शेंगा वाळून खुळखुळ वाजल्याशिवाय भरत नाही. माल आता बाद कमी निघतो. खड्डा पहिल्या वर्षी भरला होता, आता अर्धाही भरत नाही.

मी आजही म्हणतो की पोर अंड्यांनी वाढली. बाईंना तसं तोंडावर म्हणायचो. त्या म्हणायच्या, "असंल. अंडी बंद करू नका, दाने चालू करू नका."

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. लेकीचं घर संगमनेरला, तिकडं राहायला जायचं ठरलं. अंगणवाडीत निरोपाचा कार्यक्रम झाला, नारळ आणि साडी दिली, भाषणं झाली. मी गेलो नाही. मला सगळ्यांसमोर त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला लावलं असतं. पण दोन दिवसांनी सकाळी त्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या दिसल्या, माझ्या दुकानासमोरच. एक पत्र्याची पेटी, तीच काळी पिशवी, तीच छत्री. आता नाही विचारलं तर राहून जाईल म्हणून मी रस्ता ओलांडला.

म्हटलं, "बाई, त्या दिवशी पोतं परत करायचं हुतं ते मला आत बोलावून सांगता आलं असतं की न्हाई?"

"आलं असतं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"आत सांगितलं असतं तर तुमी गुपचूप घिऊन गेला असता. वरडला नसता. मग ती पोर काय खाती ते मला कळलं असतं का?"

माफी त्यांनी मागितली नाही ती नाहीच.

तेवढ्यात गाडी आली. मी दुकानात धावत जाऊन दाण्यांची पुडी बांधून आणली. माझ्या हातानं निवडलेले, चाळणीवरचे, टपोरे. त्यांना खिडकीपाशी जागा मिळाली होती. मी खिडकीतून पुडी दिली. घेताना त्यांनी तळचं दाखवा म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं आणि मला उगाच बरं वाटलं. कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता, गाडी तशीच उभी. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बघत राहिलो.

बाईंनी पुडी मांडीवर उघडली. पुडी हलवून तळचे दाणे वर आणले. अंगठ्याचं नख लावलं. एक दाणा चिरला, बघितला, तोंडात टाकला. दुसरा चिरला, बघितला, तोंडात टाकला. तिसरा चिरला, जरा उजेडाकडं धरला आणि खिडकीतून बाहेर टाकला. मग चौथा घेतला. माझ्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. गाडी सुटली, वळणावर छत्रीचं टोक खिडकीबाहेर आलेलं दिसलं, आणि गेली.

मी रस्त्यावर जाऊन तो दाणा उचलला. वरून गुलाबी, टपोरा. आत दोन पाकळ्यांच्या मधे केसाएवढी काळी रेघ.

मला असा राग आला की दुकानात परत येऊन मी ते अख्खं पोतं ओट्यावर ओतलं आणि पहिल्यापासून निवडायला बसलो. ईश्वरी शाळेला निघाली होती. ती थांबली, दप्तर काढून ठेवलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आबा, तळचं मी बघते," ती म्हणाली, आणि तिनं एक दाणा घेऊन नख लावलं.